माजिवड्याला चार मिनिटं

ती गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगतो. एवढी महागातली गाडी कशी घेतलीस, असं लोक मला अजून विचारतात. कोलशेतच्या ज्या कंपनीत मी बावीस वर्षं नोकरी करतोय, तिथे आम्ही गाड्यांचे सुटे भाग तपासतो, आणि ही गाडी कंपनीने वर्षभर चालवून बघायला आणलेली. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे तिच्या पोटात बॅटरीही आणि पेट्रोलचं इंजिनही. घरी आल्यावर प्लगला लावायची, सकाळी बॅटरीवर निघायचं, आणि बॅटरी संपली की इंजिन आपणहून सुरू होतं. कधी काय वापरायचं हे गाडी ठरवते, चालवणारा नाही.

साहेबांना जाहिरातीतले आकडे नको होते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, खड्ड्यांतून, रोजच्या माणसाने रोजच्यासारखी चालवली तर ती कशी वागते, एवढंच त्यांना हवं होतं. रोजचा माणूस म्हणून त्यांनी मला निवडलं. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. सोबत एक वही दिली. तिच्यात रकाने आखलेले: निघताना बॅटरी किती, पोचताना किती, इंजिन सुरू झालं का, कुठे, किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना कारणाचा. अट एकच होती. गिअरपाशी एक बटण होतं, ते दाबलं की बॅटरी बाजूला ठेवून गाडी नुसत्या इंजिनवर चालते. त्या बटणाला हात लावायचा नाही. माणसाने लुडबुड केली की वहीला अर्थ उरत नाही, असं ते म्हणाले आणि मला ते शंभर टक्के पटलं. वहीच्या बाबतीत मी पहिल्यापासून खडूस आहे.

बॅटरीवर ती गाडी अजिबात वाजायची नाही. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी कोलशेत गावातल्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या मधून चालले होते, खांद्यावर टॉवेल. दचकतील म्हणून मी हॉर्न दिला नाही. त्यांच्याच वेगाने मागे मागे जात राहिलो. देवळापाशी ते सहज वळले आणि पाठीला लागलेली गाडी बघून त्यांचा चेहरा असा झाला की मी काच खाली करून माफी मागितली. ते गाडीकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिले, मी खरंच आत बसलोय ना याची खात्री करून घेत असल्यासारखे. आमच्या टॉवरच्या पार्किंगमधली कुत्री तर उठायचीच नाहीत. गाडी एक हात अंतरावर आली तरी झोपून. उतरून हाकलावं लागायचं. हळूहळू मला आरशात स्वतःचं तोंड बघायची सवय लागली, सिग्नलला उभं असताना, उगाचच.

आई डोंबिवली पश्चिमेला राहायची, खाडीच्या बाजूला, जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर. वडील गेल्यापासून एकटी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. आमच्याकडे चल म्हटलं की विचारायची, एकविसाव्या मजल्यावर मला ऐकू काय येणार? तिचा मुद्दा बरोबर होता. तिचं सगळं जग खालच्या गल्लीतून कानाने वर यायचं. दिवसभर तिच्यासोबत एक मावशी असायच्या, कल्याणहून यायच्या, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार कामावरून सुटलो की मी जायचो.

माझी स्वतःची जुनी डिझेल गाडी होती. ती गल्लीच्या वळणावर शिरली की आई म्हणायची, आला, चहा टाक. मी गाडी लावून जिना चढेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. वडिलांच्या स्कूटरलाही ती हेच करायची, मला आठवतं तेव्हापासून. आमच्या घरात चहा माणसाला विचारून टाकला जात नाही, आवाजाला टाकला जातो.

यामागे तिचं माहेर होतं. मालवणकडच्या एका वाडीतली ती. तिथे कातरवेळेला कोणाकडे जायचं तर खळ्यातच, म्हणजे अंगणातच, घसा खाकरायचा, नाहीतर बाहेरूनच हाक द्यायची. गुपचूप दारात येऊन उभं राहायचं नाही. न वाजता जे दारात येतं ते माणूस नसतं, हे तिने मला लहानपणी इतक्या साधेपणाने सांगितलेलं की मी शाळेतून आलो की पायरीवर दप्तर आपटूनच आत शिरायचो. वडील गेले त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तिने मेथी निवडता निवडता मला सांगितलं, की काल संध्याकाळी ते आलेले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिला त्यांच्याच आवाजात हाक मारली. पण खाली स्कूटर वाजलेली नव्हती. तेव्हा ती म्हणाली, जा आता, आणि ते गेले. मी म्हटलं, आई, काहीही काय. तिने जुडी माझ्यापुढे सरकवली आणि देठं काढायला सांगितली.

नव्या गाडीने पहिले दोन महिने काही अडलं नाही. मी तेव्हा मुंब्रा बायपासवरून शिळफाट्याला वळसा घालून जायचो. सकाळपासून वापरलेली बॅटरी कल्याण-शीळ रोडवर कुठेतरी मान टाकायची आणि पुढचा रस्ता इंजिनवर जायचा. वळणावर गाडी थांबली की इंजिन बंद पडायचं, पुढे निघाली की खर्र करून परत लागायचं. आईने तो आवाज दुसऱ्याच फेरीला ओळखला. ही तुझी गाडी दारात येऊन घसा खाकरते, चांगली आहे, असं म्हणाली. चहा वेळेवर होत राहिला.

मग माझी हुशारी आडवी आली. ऑफिसात मी मागे लागून चार्जिंगचा पॉइंट बसवून घेतला, आणि शिळफाटा सोडून मानकोलीकडून नव्या पुलावरून जायला लागलो. खाडी ओलांडली की डोंबिवलीच. अंतर जवळजवळ निम्मं झालं. कोलशेतहून भरल्या बॅटरीने निघायचो आणि आईच्या दारात निम्मीच्या वर शिल्लक असायची. वहीत इंजिनच्या रकान्यात एकाखाली एक ‘नाही’ लिहिताना मला जो आनंद व्हायचा तो मी घरी कोणाला सांगू शकलो नाही. एक थेंब पेट्रोल न जाळता ठाण्याहून डोंबिवली. साहेबांनी पाठ थोपटली.

त्या मार्गाने पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता. आई पलंगावर बसून वाती वळत होती. मी दारातून म्हटलं, आई. तिचे हात थांबले.

“कधी इलंस?” तिने विचारलं.

आयुष्यभर ती आमच्याशी डोंबिवलीचं मराठी बोलली. डोळे गेल्यावर गावची बोली परत वर आली होती. आत्ताच आलो, मी म्हटलं. गाडी वाजाक नाय, ती म्हणाली. मी हसत हसत तिला बॅटरीची सगळी गंमत सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात पुढे करून माझा हात चाचपला. तासभर एसीत बसून आलेला हात. तिने तो लगेच सोडला आणि वाती गोळा करून डब्यात ठेवल्या. चहा त्या दिवशी मावशींनी मी मागितल्यावर केला.

गुरुवारी तेच, शनिवारी तेच. मी खाली हॉर्न वाजवून बघितला. ती म्हणाली, हॉर्न काय कोणीही वाजवतं. जिन्यात पाय आपटत चढलो, तर तळमजल्यावरच्यांनी दार उघडून बघितलं आणि आई म्हणाली, वर कोणीतरी आलं, पण खाली कोणी थांबलं नव्हतं, मग हा आला कुठून? मावशी मध्ये पडल्या. अहो आजी, तुमचाच मुलगा आहे, मी बघतेय ना समोर. आई त्यांच्याकडे तोंड करून अगदी समजुतीने म्हणाली, “तुका दिसता, म्हणान तू फसतंस.”

मी म्हटलं, आवाज तरी माझा ओळखतेस ना?

“आवाज त्येंका पण काढूक येता,” ती म्हणाली. त्यांनाही काढता येतो. मग तिने मला हात जोडले. माझ्या आईने मला हात जोडले, दारावर आलेल्या अनोळखी माणसाला जोडावेत तसे, आणि मी तिथे पंख्याखाली घामाघूम उभा राहिलो.

मला तिची भीती वाटायला लागली, हे लिहायला लाज वाटते. तिच्यापेक्षा जास्त स्वतःची. पुलावरून येताना दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, गाडीत चिटपाखराचा आवाज नाही, पुढच्या काचेत मी पुसट दिसतोय. मनात यायचं, खरंच वाजत नाही मी. मग रेडिओ लावायचो आणि लगेच बंद करायचो, कारण त्यानेही बॅटरी जाते आणि वहीत ते लिहावं लागतं.

एके दिवशी जाताना मावशी जिन्यापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, दादा, तुमचे वार असले की आजी दुपारपासून खात नाहीत. तुम्ही दिलेली संध्याकाळची गोळी तोंडात धरून ठेवतात आणि तुम्ही गेलात की थुंकतात. हृदयाची गोळी होती ती. डॉक्टर आधीच म्हणालेले, अशक्तपणा वाढतोय, खाण्याकडे लक्ष द्या. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस मी माझ्या आईला उपाशी ठेवायला जात होतो.

“तो पहिल्यासारखा आवाज काढता नाही का येत गाडीतनं?” मावशींनी विचारलं.

येत होता. एक बटण. गल्लीच्या तोंडाशी दाबायचं, बस. आणि मी त्या बाईंना जिन्यात उभं करून समजावलं की तसं चालत नाही, कंपनीचा प्रयोग आहे, नोंदी बिघडतात. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, बरं. त्यांच्या त्या ‘बरं’मध्ये सगळं होतं, पण मला ते त्या दिवशी ऐकू आलं नाही. पुढचे तीन आठवडे मी तसाच जात राहिलो. एखादी वाजणारी गाडी घेऊन का गेलो नाही, असं बायको नंतर म्हणाली. माझी जुनी मी दिवाळीतच विकलेली, आणि कोणाची मागून नेण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे हे मी कबूलच करत नव्हतो. आईलाच समजायला हवं, असा माझा हेका होता. आंधळ्या बाईने बॅटरी समजून घ्यावी.

मग तो गुरुवार आला. आई झोपूनच होती. मी उशाशी बसून पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. तिने ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. मी दुसऱ्यांदा लावला तेव्हा तिने माझं मनगट धरलं, एवढी ताकद कुठून आली कोण जाणे, आणि शांतपणे म्हणाली,

“तू जा आता. माझो झील येतलो.”

माझा मुलगा येईल. वडिलांना जे सांगितलं तेच तिने मला सांगितलं, आणि वडिलांसारखाच मीही उठून गेलो.

शुक्रवार माझा वार नव्हता. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि सकाळी वहीत बघायचीही इच्छा राहिली नव्हती. अर्धा दिवस टाकला आणि पावणेचारला कोलशेतहून निघालो. कोणाला फोन केला नाही. ठरवलेलं होतं, आज बटण दाबायचं, इंजिन लावून गल्लीत शिरायचं, पाच मिनिटं खिडकीखाली उभं राहायचं. साहेबांना काय सांगायचं ते नंतर.

माजिवड्याला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. पुढे एक कंटेनर, बाजूला सिटी बस, मेट्रोच्या खांबांमध्ये अडकलेली उन्हं. माझा हात बटणाकडे गेला आणि तिथेही मी हिशेबीपणा केला. म्हटलं, आत्तापासून कशाला, पूल आला की दाबू, नोंद तेवढीच कमी बिघडेल. हात मागे घेतला.

आणि इंजिन सुरू झालं.

मी बटणाला हातही लावलेला नव्हता. गाडी जागच्या जागी उभी. बॅटरी पाऊणच्या वर. खर्र करून घसा खाकरल्यासारखं ते लागलं आणि चालत राहिलं, सीटखाली बारीक थरथर. बरेच दिवस इंजिन वापरलं नाही तर पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून गाडी ते कधीमधी आपणहून फिरवते, हे मला माहीत होतं. पण तसं करताना ती पडद्यावर सांगते, आणि चारच दिवसांपूर्वी तिने ते केलेलं होतं. पडद्यावर काही नव्हतं. मी सवयीने घड्याळ बघितलं. चार वाजून बारा मिनिटं. चार सोळाला इंजिन बंद झालं. परत ती शांतता. सिटी बसमधली एक मुलगी खिडकीतून खाली माझ्याकडे बघत होती, आणि मला उगाचच वाटलं की आता इथे, या गाडीत, आधीपेक्षा काहीतरी कमी आहे.

कंटेनर हलला. मानकोलीपर्यंत मी त्यावर चरफडत राहिलो, नोंद कशी लिहायची म्हणून. पूल संपताना बटण दाबलं. इंजिन लागलं. पाच वाजून पाच मिनिटांनी मी आईच्या खिडकीखाली उभा होतो आणि न्यूट्रलमध्ये टाकून अॅक्सिलरेटर दाबत होतो, कॉलेजातल्या पोरासारखा. इस्त्रीवाल्याने कपड्यांवरून मान वर केली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत कोणी आलं नाही. चहा टाक अशी हाक ऐकू आली नाही. मी आणखी दोन मिनिटं गाडी वाजवली. मग वर गेलो.

मावशींनी दार उघडलं. तोंडावर बोट ठेवलं. आत्ताच झोप लागलीय, म्हणाल्या, आणि मग जरा रागानेच विचारलं, आजी केव्हाच्या वाट बघत होत्या, आत्ता येताय?

मी म्हटलं, मी येणार हे तिला कोणी सांगितलं?

त्यांनी मग स्वयंपाकघराच्या दाराशी मला ओढून नेलं. सव्वाचारच्या आत-बाहेर आजी एकदम उठून बसल्या, मावशी सांगायला लागल्या. आजी म्हणाल्या, आला, आज वाजत आला, चहा टाक. पाचचा चहा असतो आमचा, म्हणून मी घड्याळ बघितलं. मला काही ऐकू आलं नव्हतं. शुक्रवार आहे, तुम्ही कसे याल? मी गॅलरीत जाऊन वाकून बघितलं. खाली फक्त इस्त्रीवाला.

“पण मी खोटं बोलले, दादा,” मावशी म्हणाल्या. “त्यांना म्हटलं, हो आजी, आलेत, गाडी लावताहेत. इतक्या दिवसांनी हसलेल्या हो त्या.”

आईने फणी मागून घेतली होती. मावशींनी अंबाडा घालून दिला. चहा स्वतःच्या हाताने धरून अर्धा कप प्यायली, दोन बिस्किटं खाल्ली, गोळी मागून गिळली. दाराकडे तोंड करून बसून राहिली. मग तिचा चेहरा, मावशी म्हणाल्या, अगदी उजळला. हात पुढे केला तिने, कोणाचा तरी हात चाचपावा तसा, आणि म्हणाली, “गरम हा.” मावशींना वाटलं, चहा गरम आहे म्हणतेय. मग ती आडवी झाली.

टेबलावर माझा कप होता. वर बशी झाकलेली. मी बशी उचलली, सायीचा पापुद्रा आलेला.

मी आत गेलो आणि तिच्या खांद्याला हात लावला, आणि मला कळलं. डॉक्टर आले, म्हणाले, झोपेतच गेल्यात, पाऊण तास झाला असेल, त्रास झालेला नाही. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. मी तिचा पुढे केलेला हात हातात घेतला. तो अजून पुरता गार झालेला नव्हता. माझा होता.

आईचे दिवस झाल्यावर मी वही साहेबांना दिली. ते त्या शुक्रवारच्या ओळीवर थांबले. माजिवडा, चार बारा ते चार सोळा, चार मिनिटं, बॅटरी पाऊणच्या वर. गाडीच्या स्वतःच्या नोंदीतही तेच निघालं. कारणाचा रकाना मोकळा. त्यांनी मला गेलेल्या माणसाच्या घरी बोलतात तशा आवाजात विचारलं, इथे काय लिहायचं? काहीतरी लिहून टाक, गाडीची आपली देखभाल असेल. मी पेन घेतलं आणि परत ठेवलं.

आईला कोणी फसवलं नाही, असं बायको म्हणते. तिला तिचा मुलगा भेटला आणि ती सुखाने गेली, एवढं धरून चाल. मी तेच धरून चालायचा प्रयत्न करतो. पण त्या दिवशी माझ्याआधी कोणीतरी त्या खोलीत पोचलं, वाजत आलं, गरम हाताने. तिने त्याला ओळखलं. मला तर तिने आदल्याच दिवशी जा म्हणून सांगितलेलं होतं.